सोन्याची कॅलेंडर घड्याळं बघायला: ला शो-द-फों ते जिनिव्हा

जुन्या मनगटी घड्याळांचे मोठे लिलाव जिनिव्हात मे आणि नोव्हेंबर असे वर्षातून दोनदा होतात. बरेच जण लिलावाच्या आदल्या दिवशी उतरतात, काचेआडचं सोनं बघतात आणि बोली लावून मोकळे होतात. हा प्रवास आम्ही मुद्दाम उलट्या टोकाने आखला. आधी डोंगरात जाऊन यंत्र समजून घ्यायचं, मग संग्रहालयात न घासलेल्या केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची, धार डोळ्यांत बसवायची आणि शेवटी लिलावातल्या घड्याळाला हात लावायचा. वारही महत्त्वाचे: डोंगरातली दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि जिनिव्हातलं पाटेक फिलिपचं संग्रहालय रविवार-सोमवार. म्हणून सुरुवात मंगळवारी.

पिशवीत फार काही लागत नाही. दहापट दाखवणारी आयग्लास, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, प्लॅस्टिकच्या जबड्यांचा कॅलिपर (स्टीलचा नको, सोन्यावर ओरखडा उठतो), दशांश ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा, नायट्राइलचे हातमोजे आणि एक वही. फोनमधले फोटो वहीची जागा घेऊ शकत नाहीत. लगची, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांची, जाडी फोटोत मोजता येत नाही.

मंगळवार, ला शो-द-फों

जिनिव्हाहून नशातेल, तिथे गाडी बदलून वर. चाम्ब्रेलियँ स्थानकात गाडीची दिशा उलटते, त्यामुळे पुढे तोंड करून बसलेले सगळे अचानक मागे तोंड करून बसतात. खाली तळ्यावर नोव्हेंबरचं दाट धुकं होतं, वर हजार मीटरला लख्ख ऊन. गाव १७९४च्या आगीनंतर सरळ रेषेत, लांबच लांब समांतर रस्त्यांनी पुन्हा बांधलेलं. खिडक्या मोठ्या आणि घरांत अंतर, कारण घड्याळजीच्या बाकावर उजेड हवा. शेजारच्या ल लोक्लसह या गावाला २००९मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय १९७४पासून जमिनीखालच्या वास्तूत आहे. बाहेर १९८०चं कॅरिलॉन वाजतं, ते ऐकून आत शिरावं. इथे ब्रँडची नावं शोधत हिंडण्यापेक्षा कॅलेंडरची यंत्रणा जिथे उघडी दिसते त्या कपाटांपुढे वेळ घालवावा. दुरुस्तीचा विभागही काचेतून दिसतो.

कॅलेंडरचं यंत्र मुळात साधं. तासाच्या चाकावरून चालणारं एक चाक २४ तासांत एक फेरा घेतं आणि त्यावरचं बोट मध्यरात्रीच्या सुमारास तारखेच्या ३१ दात्यांच्या चांदणीला एक दाता ढकलतं. वाराची चांदणी ७ दात्यांची. प्रत्येक चांदणीवर एक जंपर, म्हणजे कमानीने दाबलेला खटका, जो दाता अर्धवट न थांबता पुरता पुढे बसवतो. ट्रिपल कॅलेंडरमध्ये वार, तारीख, महिना एवढंच. महिना तीस दिवसांचा आहे की एकतीस, हे त्या यंत्राला कळत नाही. म्हणून वर्षातून पाच वेळा, फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपताना, तारीख हाताने पुढे न्यावी लागते. काही मशिनांत महिनाही दर वेळी हातानेच बदलायचा असतो. असं घड्याळ ‘महिना बदलत नाही’ म्हणून नादुरुस्त ठरवू नये. आधी मशीन कोणतं ते बघावं.

चंद्रकलेच्या तबकडीला ५९ दाते आणि दोन चंद्र, म्हणजे एका चांद्रमासाला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास २९.५३०५९ दिवसांचा, म्हणजे दर महिन्याला सुमारे ४४ मिनिटांची तूट. ती साठत जाऊन दोन वर्षं साडेसात महिन्यांच्या आसपास पूर्ण एक दिवस होतो. तिथी-पौर्णिमेची सवय असलेल्याला हे सांगायला नको. चंद्र लावायची रीत: मागची पौर्णिमा कधी झाली ते बघायचं, चंद्र खिडकीच्या बरोबर मध्ये आणायचा, मग जितके दिवस उलटले तितके खटके पुढे.

बुधवार, ल लोक्ल

गाडीने काही मिनिटांचं अंतर. शातो दे मों हे घड्याळ संग्रहालय गावाच्या वर टेकडीवर, अठराव्या शतकातल्या वाड्यात आहे. चढ दम काढतो. आत मोरिस-इव्ह सांदोझ यांच्या संग्रहातली स्वयंचलित खेळणी आहेत, ती बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

पण गावाचं नाव आमच्या वहीत आलं ते वेगळ्या कारणाने. सोन्याच्या कॅलेंडर घड्याळांत पाटेकच्या खाली एक मोठा, समजूतदार थर आहे, आणि त्यातला बराचसा याच डोंगरातला. एंजेलसने इथे १९४२मध्ये क्रोनोदातो आणलं, तारखेसह क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. युनिव्हर्सल जिनिव्हचा जन्म नावाप्रमाणे जिनिव्हात नव्हे, ल लोक्लमध्ये १८९४चा. त्यांचं त्री-कॉम्पॅक्स १९४४चं, मशीन ४८१, क्रोनोग्राफ अधिक पूर्ण कॅलेंडर अधिक चंद्र. मोव्हाडो ला शो-द-फोंची. ओमेगा कॉस्मिक १९४७चं, गोल आणि चौकोनी दोन्ही केसमध्ये. नव्या माणसाने पहिलं घड्याळ या थरातून घ्यावं, असं आमचं ठाम मत. यंत्र तेच शिकवतं, आणि वाल्जू या मशीन बनवणाऱ्या कारखान्याच्या ७२ सी किंवा ८८ वर चालणाऱ्या घड्याळांचे सुटे भाग अजून जुन्या मशिनांतून मिळतात. ७२ सीमध्ये वार आणि महिन्याच्या खिडक्या बाराच्या खाली, तारीख कडेच्या वर्तुळावर काट्याने. ८८मध्ये त्यातच चंद्राची भर.

या थरात काय बिघडतं? पहिलं, चुकीच्या वेळी दाबलेला करेक्टर, म्हणजे तारीख-वार बदलायचं बटण. रात्री साधारण आठ-नऊ ते पहाटे तीन या वेळेत २४ तासांच्या चाकाचं बोट चांदणीच्या दात्यात अडकलेलं असतं. तेव्हा बाजूचं बटण दाबलं की बोट वाकतं किंवा दाता तुटतो. काटे सहावर आणून मगच करेक्टरला हात लावायचा, आणि आत्ताचे सहा सकाळचे की संध्याकाळचे हे आधी ठरवायचं: काटे पुढे फिरवत तारीख बदलेपर्यंत जायचं, ती मध्यरात्र, तिथून पुढचे सहा सकाळचे. करेक्टर दाबायला लाकडी काडी किंवा मऊ पितळी टोक. स्टीलच्या टोकाने खळग्याच्या कडेला वर्षानुवर्षं खरवडलेलं सोनं आयग्लासमधून लगेच दिसतं, आणि आधीच्या मालकाचा हात कसा होता ते त्यावरूनच कळतं.

दुसरं, जंपरची कमानी थकणं. तारीख खिडकीत किंचित तिरकी थांबते, किंवा वार दुपारपर्यंत दोन नावांच्या मध्ये लोंबकळतो. तिसरं, तेल. चांदण्यांच्या दात्यांवर कुणी हौसेने तेल सोडलं की ते पसरून घट्ट होतं, आणि मध्यरात्री सगळा भार बॅलन्सवर, म्हणजे झुलणाऱ्या चाकावर, येतो. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, डायल वर ठेवून २७० ते ३०० अंशांचा झोका चांगला. कॅलेंडर बदलण्याच्या वेळी तो थोडा घसरणारच. पण एरवीच २००च्या खाली असेल, तर विकणारा काहीही म्हणो, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा धरावा.

गुरुवार, व्हॅले द जू

लोझानकडून आलेली गाडी डोंगर चढून तळ्याच्या एका काठाने ल सांतिए आणि ल ब्रासूपर्यंत जाते. समोरच्या काठावर ले बियू, म्हणजे वाल्जूचं मूळ गाव. कडाक्याच्या हिवाळ्यात हे तळं गोठतं. जिनिव्हाचं नाव डायलवर असलेल्या कितीतरी घड्याळांचं कॅलेंडर प्रत्यक्षात इथे घडलेलं आहे. पाटेकच्या सुरुवातीच्या पर्पेच्युअल कॅलेंडरचं, म्हणजे महिन्याचे दिवस आणि लीप वर्षही स्वतः सांभाळणाऱ्या कॅलेंडरचं, काम ल सांतिएच्या व्हिक्टोरँ पिगेकडे होतं.

ल ब्रासूतलं ऑडमार पिगेचं संग्रहालय २०२०चं, काचेच्या भिंतींचं, गवताखाली गुंडाळलेल्या सर्पिलासारखं. आगाऊ नोंदणीशिवाय आत घेत नाहीत. इथे बघायचं ते पर्पेच्युअल कॅलेंडर. १९५५च्या ५५१६ या मॉडेलमध्ये मनगटी घड्याळावर पहिल्यांदा लीप वर्ष दाखवलं गेलं. मग १९७८चं ५५४८: मशीन २१२०/२८००, जाडी फक्त ३.९५ मिलिमीटर, तेही ऑटोमॅटिक. १९६७च्या, २.४५ मिलिमीटरच्या २१२० मशिनावर कॅलेंडरची पट्टी बसवलेली. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी यांत्रिक घड्याळांचं कंबरडं मोडलं होतं तेव्हाचं हे घड्याळ, आणि ३६ मिलिमीटरच्या सोन्याच्या केसमध्ये अजूनही पाटेकच्या मानाने आवाक्यात. मनगटावर ते जवळजवळ जाणवतच नाही.

पर्पेच्युअलचं गुपित ४८ महिन्यांच्या कॅममध्ये. चार वर्षांत एकदा फिरणारं हे चाक. एकतीसच्या महिन्यांना कड पूर्ण उंचीची, तीसच्या सोळा महिन्यांना उथळ खाच, तीन फेब्रुवारींना खोल आणि चौथ्याला त्याहून जराशी उथळ. मोठ्या तरफेची चोच या खाचेत जितकी खोल उतरते, तितकी तरफ मागे जाऊन महिनाअखेरीला तारखेच्या चाकाला एका दमात दोन, तीन किंवा चार दाते पुढे ढकलते. उथळ-खोलातला फरक अगदी थोडा, म्हणून चोच झिजली की फेब्रुवारी चुकतो. आणि फेब्रुवारी वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे खरेदीच्या दिवशी हा दोष दिसत नाही.

पाटेकच्या १५१८, १५२६, २४९७, २४९९ आणि ३४४८ या मॉडेलांपैकी कुणावरच लीप वर्ष दिसत नाही. ते १९८१च्या ३४५०वर आलं. मग कॅम कुठल्या वर्षावर आहे हे कसं ओळखायचं? महिना फेब्रुवारी, तारीख २८ लावायची, आणि काटे फिरवून मध्यरात्र ओलांडायची. २९ दिसली तर लीप वर्ष, १ दिसली तर नाही. नसेल तर महिन्याचे बारा खटके पुढे नेऊन पुन्हा तेच. चारही फेब्रुवारी तपासले की कॅमची आणि चोचीचीही परीक्षा होते. हे काम घड्याळजीसमोर करून घ्यावं. विकणारा तयार नसेल तर का नाही, तेही विचारावं. २१०० हे लीप वर्ष नाही, त्या १ मार्चला ही सगळी घड्याळं हाताने दुरुस्त करावी लागतील. ती चिंता पुढच्या मालकांची.

शुक्रवार, जिनिव्हा

पाटेकचं संग्रहालय प्लॅनपालेत, दुपारी दोन ते सहा. फोटो काढू देत नाहीत, म्हणून वही. इथे क्रमांक ९७९७५ आहे: मशीन १८९८मध्ये बायकांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी केलेलं, १९२५मध्ये मनगटी केसमध्ये बसवलेलं, म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडरचं पहिलं मनगटी घड्याळ. १९४१ हे पुढचं वर्ष: १५२६ आणि १५१८ दोन्ही तेव्हाची. १५१८ हे मालिकेत बनलेलं पहिलं पर्पेच्युअल कॅलेंडर क्रोनोग्राफ, १९५४पर्यंत सुमारे २८१ नग. त्याच्या जागी आलेलं २४९९ चौतीस वर्षं चाललं, १९८५पर्यंत, आणि तरी एकूण ३४९. ऑटोमॅटिक ३४४८ १९६२चं.

२४९९च्या चार मालिका ओळखायला सोप्या. पहिलीत चौकोनी बटणं. दुसरीत बटणं गोल, पण कडेला टॅकिमीटर, म्हणजे वेग मोजायची मापपट्टी. तिसरीत टॅकिमीटर गेला. चौथीत नीलमण्याची काच. गोंधळ होतो तो नंतर कुणी डायल बदलली असेल तेव्हा: बटणं एका मालिकेची, डायल दुसरीची.

या काचांपुढे किती वाजले, कितीला गेलं वगैरे विसरून फक्त तीन गोष्टी बघाव्यात. लगच्या वरच्या पाठीची आणि बाजूची रेष कुठे मिळते. बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याची, पायरी किती तीक्ष्ण आहे. डायलवरच्या अक्षरांची जाडी. पाटेकला स्टर्न फ्रेर डायल पुरवत, आणि १९३२मध्ये त्याच कुटुंबाने कंपनीच घेतली. त्या डायलवरचं नाव छापलेलं नसे. धातूत कोरून, खाचेत मिन्याची पूड भरून, भट्टीत पक्कं केलेलं. म्हणून ते आयग्लासखाली किंचित उठलेलं, कडक दिसतं. पुढे कुणी डायल पुन्हा चांदीच्या मुलाम्याला दिली, तर मिना टिकतो, पण घासताना बारीक रेषा आधी जातात: ‘जनेव्ह’वरचा तिरका आघात, शेवटच्या अक्षराची शेपटी, मिनिटांच्या रेषांची टोकं.

शनिवार-रविवार, लिलावाआधीचं दालन

क्रिस्टीज या लिलावगृहाचं दालन बर्ग हॉटेलात, बाकीच्यांची इतर हॉटेलांत. कुणीही आत जाऊ शकतं. नाव नोंदवा, यादी द्या, घड्याळ ट्रेमध्ये समोर येतं. लाजायचं कारण नाही. मागचं झाकण उघडून दाखवा म्हणायलाही नाही.

आधी केस. सोनं मऊ, आणि सत्तर-ऐंशी वर्षांत प्रत्येक घड्याळजीने एकदा तरी ते पॉलिशच्या चाकावर धरलेलं असतं. लग वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले असतील तर ते परत येत नाहीत. हॉलमार्क हा इथे सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. १८ कॅरटला हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडच्या प्रतीक-स्त्रीचं, डोकं, १४ कॅरटला खार. १ ऑगस्ट १९९५पासून त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे १९५०च्या केसवर कुत्रा दिसला, तर ती केस किंवा झाकण नंतरचं. डोक्याजवळच्या बारीक अक्षरावरून तपासणी कचेरी कळते, जिनिव्हाला जी, ला शो-द-फोंला सी. केस बनवणाऱ्याची खूण वेगळी: जिनिव्हाच्या कारागिरांना किल्ली आणि तीत क्रमांक, वेंगरचा १, गेरलाखचा ४, विशेचा ९. २४९९च्या सुरुवातीच्या केस विशेच्या, नंतरच्या वेंगरच्या, ३४४८च्या गेरलाखच्या. झाकणाच्या आतला हॉलमार्क नेहमीच स्वच्छ असतो, त्यावर जाऊ नका. लगवरचा किंवा केसच्या बाजूचा बघा. चेहऱ्याचं नाक-डोळे पुसट, तर तेवढं सोनं गेलं.

उलटाही धोका आहे. हल्ली लेझरने सोनं भरून धार पुन्हा काढतात. काम उत्तम असतं, पण धार कोरी आणि तिच्याशेजारचा हॉलमार्क मात्र झिजलेला, ही जोडी जुळत नाही. दहापट भिंगात भरलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सापडतात. लग जिथे डाग देऊन केसला जोडलेले आहेत तिथे रंगाची फिकट पट्टी असेल, तर तो लग पुन्हा जोडलेला. याउलट तांबूस-जांभळट डाग, सोन्यातल्या तांब्या-चांदीवर चढलेला काळ, बऱ्याचदा चांगली खूण: बराच काळ कुणी घासलेलं नाही. तो पुसायला सांगू नका.

मग डायल. खिडक्यांच्या कडा समान कापलेल्या हव्यात. वार आणि महिना एकाच भाषेत हवेत. वार फ्रेंच आणि महिना इंग्रजी, तर एक तबकडी बदललेली असण्याची दाट शक्यता. चंद्राच्या तबकडीवर अतिनील टॉर्च टाका: नंतर लावलेला रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो. रेडियम असलेल्या काट्यांचं आणि डायलवरच्या ठिपक्यांचं वागणं सारखं नसेल, तर दोघांपैकी एक नवं. ३८ मिलिमीटरचं रोलेक्स ८१७१ हे ऑयस्टर, म्हणजे रोलेक्सच्या जलरोधक, केसचं नव्हे, त्यामुळे त्याच्या डायलवर ओल शिरल्याचे डाग जास्त. ऑयस्टर केसमधल्या रोलेक्स ६०६२ची डायल मात्र खराब असेल तर पाणी आत गेलं कसं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मग कॅलेंडर: दालनातल्या माणसाला काटे मध्यरात्रीतून न्यायला सांगा, स्वतः करेक्टर दाबू नका. कागद सर्वांत शेवटी. पाटेकचा पुराभिलेख उतारा मशीन आणि केसचे क्रमांक, धातू, बनल्याचं वर्ष आणि विक्रीची तारीख सांगतो. तो केसची धार सांगत नाही, आणि डायल मूळची आहे याचा पुरावाही नाही. रोलेक्सकडून असा उतारा मिळत नाही.

सोमवार, बोली

सोन्याची किंमत यात किती कमी मोजली जाते, याला एक जुना निकाल पुरेसा आहे: २०१६मध्ये इथेच फिलिप्सच्या लिलावात १५१८ गेलं १,१०,०२,००० फ्रँकला, आणि ते स्टीलचं होतं. स्टीलची फक्त चार माहीत आहेत. पुढच्या वर्षी बाओ दाई या व्हिएतनामच्या शेवटच्या सम्राटाचं सोन्याचं ६०६२ पन्नास लाख फ्रँकच्या पुढे गेलं, तेही काळी डायल आणि हिऱ्यांच्या खुणांमुळे.

हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नव्हे. समजा १,००,००० फ्रँकला पडला आणि लिलावगृहाला द्यायचा खरेदीदाराचा प्रीमियम २७ टक्के: १,२७,०००. त्यावर पूर्ण ८.१ टक्के स्विस कर लागला तर आणखी १०,२८७. कर कशावर लागतो हे कॅटलॉगमधल्या लॉट क्रमांकाशेजारच्या खुणेवर अवलंबून असतं, म्हणून ती खूण आधी वाचा. कमाल आकडा वहीत या सगळ्यासकट लिहा, आणि त्यातून सर्व्हिसिंग वजा करा. पाटेकच्या जुन्या कॅलेंडरचे भाग बाहेर मिळत नाहीत, कंपनीच बनवते, आणि त्याला महिने जातात. कंपनीकडे देताना ‘केस पॉलिश करू नये, डायल-काटे बदलू नयेत’ हे लेखी द्यावं लागतं, नाहीतर घड्याळ चकचकीत होऊन येतं.

मंगळवार, विमानतळ

निघण्याआधी पट्टा काढून घेतला. मगर-सुसरीच्या कातड्याला सीमेवर साइट्सचा, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो. लिलावगृहंही असे पट्टे बहुधा पाठवत नाहीत. बकल सोन्याचं आणि मूळचं असेल तर तेवढं सोडवून वेगळ्या पुडीत ठेवा, त्याच्यावरही हॉलमार्क असतो आणि त्याची स्वतंत्र किंमत आहे. कर परत हवा असेल तर निर्यातीच्या कागदावर सीमाशुल्काचा शिक्का लागतो, आणि शिक्क्याआधी अधिकारी घड्याळ बघायला मागू शकतात. म्हणून मोठी बॅग देण्याआधी ती खिडकी गाठायची आणि घड्याळ हातातल्या पिशवीतच ठेवायचं. कॅलेंडर प्रवासात बंद पडू द्यावं. चालू ठेवण्यासाठी चावी देत बसण्यात अर्थ नाही. पोचल्यावर काटे सहावर आणून आधी तारीख, मग वार, महिना आणि शेवटी चंद्र लावायला पाच मिनिटं लागतात.